मुन्नारचा ‘निसर्ग’

मुलगा-सुनेबरोबर मुन्नारला जाऊन आलो. परतल्यावर जो तो विचारतो, “काय अण्णा, निसर्ग पाहिलात ना?” वर पुस्ती, “इंग्रजांना मानलं पाहिजे, काय गाव वसवलंय!” जन्मभर वह्या तपासल्या, चूक दिसली की हात शिवशिवतो. म्हणून लिहितो.

तो निसर्ग नव्हे, मळा आहे. चहाचं झाड मोकळं सोडलं तर चांगलं उंच वाढतं. तोडणीसाठी ते छाटून छाटून कमरेएवढं ठेवतात. त्या हिरव्या गालिच्याच्या जागी पूर्वी शोला जंगल नि गवताळ माळ होते. १८७७ साली मन्रो साहेबाने पूंजारच्या राजघराण्याकडून हे डोंगर पट्ट्याने घेतले. आधी कॉफी, सिंकोना करून पाहिलं, मग चहा. जंगल तोडलं, मजूर तमिळ मुलखातून आणले. गाव ‘वसवलं’ ते त्यांच्या हातांनी, आणि आपण हात जोडतो साहेबाला!

आमची बस मळ्यापाशी थांबली. एक बाई पाल्याचं पोतं पाठीवर घेऊन निघाली होती. आमच्यातल्या एकीने ते स्वतःच्या पाठीवर घेऊन फोटो काढवले, पाच-सहा. बाई बिचारी बाजूला उभी. तिचा वेळ जात होता, हे कुणाच्या गावी नाही. मीही गप्पच बसलो, हेही सांगायला हवं.

याच बायकांनी सप्टेंबर २०१५ मध्ये मुन्नार बंद पाडलं होतं. बोनस वीस टक्क्यांवरून दहावर आणला, रोजची मजुरी २३२ रुपये. कंपनीशी तर भांडल्याच, पण आपल्याच युनियनच्या पुढाऱ्यांनाही त्यांनी जवळ फिरकू दिलं नाही! ‘पेंबिळै ओरुमै’, म्हणजे बायकांची एकजूट. बोनसचे वीस टक्के मिळवले, मजुरीचे मागितलेले पाचशे मात्र मिळाले नाहीत.

आणि राहतात कुठे? चाळींत, एकेका खोलीत अख्खं बिऱ्हाड. ६ ऑगस्ट २०२० च्या रात्री पेट्टिमुडीला अशाच चाळींवर दरड कोसळली. सत्तर माणसं गेली, त्यातली चार सापडलीच नाहीत.

आमच्या गाइडने साहेबांचे बंगले दाखवले, १९२४ च्या पुरात वाहून गेलेल्या रेल्वेची गोष्ट रंगवून सांगितली. पेट्टिमुडीचं नाव काढलं नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाला, “सर, तिकडे पॉइंट नाही.”