संगणकाविना संगणकशास्त्र

१/ धरमपेठेतील ट्रॅफिक पार्कात नागपूरच्या मुलांना वाहन हाती येण्याआधीच सिग्नलचा अर्थ उमगतो. वाहतूक समजण्यासाठी आधी मोटार लागत नाही. संगणकशास्त्राचेही तसेच आहे. पण शाळा अजून आधी यंत्रे मोजते. #थ्रेड

२/ 'असोसिएशन फॉर कम्प्युटिंग मशिनरी' ही संस्था १९४७ मध्ये अमेरिकेत स्थापन झाली. नावातच यंत्र! तरीही तिच्याच मासिकात २००६ मध्ये जेनेट विंग यांनी प्रतिपादन केले की, संगणकीय विचार हे वाचन-लेखन-अंकगणिताइतकेच प्रत्येकाचे कौशल्य आहे.

३/ हाच विचार शालेय वर्गात नेण्यासाठी 'एसीएम इंडिया'ने २०१६ मध्ये 'सीएसपाठशाला' सुरू केली. मोठ्या प्रश्नाचे तुकडे पाडणे, त्यांतील साम्य ओळखणे, पायऱ्यांचा क्रम लावणे या गोष्टी तेथे यंत्राविना, कृतींतून शिकवता येतात.

४/ लिथुआनियात २००४ मध्ये जन्मलेली 'बेब्रास' स्पर्धाही याच उपक्रमाने भारतात रुजवली. तिच्यातील कोडी सोडवण्यास प्रोग्रामिंग येण्याची अट नाही.

५/ २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने संगणकीय विचाराला स्थान दिले. मात्र धोरणातील शब्द आपोआप वर्गात उतरत नाही. त्यासाठी शिक्षकांना मराठीतून प्रशिक्षण हवे.

६/ धरमपेठेतील मुलाला घरी संगणक मिळेलही. मेळघाटातील मुलीला कदाचित नाही. तिच्यासाठी कागद, खडे आणि जाणता शिक्षक यांवर आरंभ होऊ शकतो. 'संगणक आल्यावर पाहू' ही सबब तिचा हक्क हिरावते.