आवाज तिचा, यंत्र त्याचे?
सिंथेसायझरच्या सुरुवातीच्या काळातल्या विसरलेल्या तबकड्या आता पुन्हा निघत आहेत. मुंबईच्या चरणजित सिंगांनी १९८२ मध्ये दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर सिंथेसायझरवर वाजवले. २०१० मध्ये ती तबकडी पुन्हा निघाली आणि जगभर त्यांची वाहवा झाली. आनंदच आहे. पण अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये सिंथेसायझरचा स्टुडिओ उभा राहिला, तिथे रचना करणाऱ्यांत गीता साराभाई होत्या, हे कितीजणींना ठाऊक आहे? त्या ध्वनिफितींचा संग्रह निघायला २०२३ साल उजाडले. आमच्या कुपवाडमध्येही मी पाहते, वाद्यवृंदात मुलगी गाते आणि कीबोर्ड मात्र मुलाकडे! मैत्रिणींनो, विसरलेल्यांची यादी करताना बायकांची नावे मुद्दाम शोधा. आणि गटाने कीबोर्ड घेतलाच, तर तो आधी मुलींच्या हाती द्या.