शुगर सगळ्यांना पाठ, पाय कोण बघतं?

बाबांची फास्टिंग शुगर किती, एचबीएवनसी किती, हे घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रिपोर्टच्या फोटोसकट येतं. त्यांच्या तळव्याला भेग पडलीय का, हे मात्र कुणालाच माहीत नसतं. 2023 मध्ये आयसीएमआर-इंडियाब पाहणीचे आकडे आले. देशात 10.1 कोटी मधुमेही. गोव्यात तर 26.4 टक्के, देशात सर्वांत जास्त! बातम्या झाल्या, चर्चा झाली. पायांचा विषय त्यात कुठेच नव्हता.

खरं तर मधुमेहींपैकी 19 ते 34 टक्के लोकांना आयुष्यात कधी तरी पायाला न भरणारी जखम होते, असा जागतिक अंदाज आहे. त्यातल्या साधारण निम्म्या जखमांमध्ये जंतुसंसर्ग होतो. बरी झालेली जखम वर्षभरात पुन्हा उघडण्याचं प्रमाण 40 टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणजे एकदा जखम झाली, की तो पाय कायमचा जोखमीचा.

हे होतं कसं? बरीच वर्षं वाढलेली साखर नसा बधिर करते. चपलेत खडा गेला तर आपण दोन पावलांत थांबतो. ज्यांना तो टोचतच नाही, ते दिवसभर त्याच्यावर चालतात. त्यात रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असतील (तंबाखू, सिगारेट असेल तर आणखीच) तर जखमेपर्यंत रक्तच नीट पोचत नाही. पुढे बोट किंवा पाय कापायची वेळ येते.

हे गणित आधी उलगडलं ते कुष्ठरोगात. वेल्लोरला काम करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं, की रुग्णांची बोटं आपोआप झडत नाहीत. दुखणं कळत नसल्यामुळे पुन्हा पुन्हा इजा होऊन ती जातात. कुष्ठरुग्णांसाठी वापरली जाणारी मऊ एमसीआर चप्पल आज मधुमेहींनाही देतात, ती म्हणूनच.

आपल्याकडे जोखीम वाढवणाऱ्या गोष्टी अगदी घरगुती आहेत. नवरात्रात नऊ दिवस अनवाणी, मे महिन्यात देवळाची तापलेली फरशी, ब्लेडने कापलेलं कुरूप, पाय दुखतात म्हणून गरम पाण्याचा शेक. आपण वाकून नमस्कार करतो तेव्हा पावलं दिसतात, तळवे नाही.

एक चाचणी तुम्ही घरीच करू शकता. बाबांना किंवा आजीला डोळे मिटायला सांगा. दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी, अशा सहा ठिकाणी बोटाच्या टोकाने एक-दोन सेकंद अलगद स्पर्श करा. दाबू नका. सहापैकी दोन किंवा जास्त स्पर्श कळले नाहीत, तर डॉक्टरांकडे जायला हवं. तिथे मोजे काढून पाय पुढे करायला लावा. ‘अरे, दुखत नाहीये ना मला’ असं ऐकायला मिळेलच. काळजी नेमकी त्याचीच आहे.