पऱ्यांच्या राज्यांतील काळोख

गेल्या वर्षीं एका पालकांनीं आपल्या कन्येच्या दप्तरांत सांपडलेलें एक जाड इंग्रजी पुस्तक आमच्यापुढें आणून ठेविलें आणि विचारिलें, "हें शाळेंत चालतें काय?" वेष्टनावर काळें अरण्य, कांटेरी वेली आणि मुकुट. आंतील नायक परीलोकांतला राजपुत्र, रूपवान, निष्ठुर, शतकानुशतकें जगणारा. नायिका आपल्यासारखी मर्त्य मुलगी. तीनशें पानें तो तिचा अपमान करितो, आणि तें वाचणाऱ्या मुलीस जेवणाची हांक ऐकूं येत नाहीं, अशी त्या गृहस्थांची तक्रार होती. उत्तर देण्यापूर्वीं आम्हीं तें पुस्तक वाचून काढिलें. खरें सांगावयाचें तर त्या रात्रीं आम्हांसहि हांक ऐकूं आली नाहीं.

परी म्हटली कीं फुलपांखराचे पंख आणि हातांत चांदणीची छडी आपल्या डोळ्यांपुढें येते. ही परी अलीकडची होय. स्कॉटलंडच्या जुन्या गीतांतील परीलोक माणसांएवढेच उंच, घोड्यांवर बसून रात्रीं मिरवणुकीनें जाणारे. लोक त्यांस इतके भीत, कीं त्यांचें नांवहि न घेतां "भले शेजारी" म्हणत. आपल्याकडे रात्रीं सापास "जनावर" म्हणतात, त्यांतलाच हा प्रकार. अबरफॉइल येथील धर्मोपदेशक रॉबर्ट कर्क यांनीं शास्त्रग्रंथ गेलिक लोकांच्या हातीं देण्यासाठीं पुष्कळ कष्ट घेतले, आणि त्यांनींच या परीलोकांविषयीं गंभीरपणें एक ग्रंथहि लिहून ठेविला. इ. स. १६९२ मध्यें ते वारले, तेव्हां ते मेले नसून परीलोकांनीं त्यांस उचलून नेलें, अशी त्या गांवांत वदंता उठली!

याच लोकांची एक प्रेमकथा "टॅम लिन" या नांवानें प्रसिद्ध आहे. तिचा उल्लेख इ. स. १५४९ च्या सुमाराच्या एका स्कॉटिश ग्रंथांत सांपडतो. पुढें बर्न्स व स्कॉट या दोघांनींहि तिचीं गीतें प्रसिद्धीस आणिलीं. सेल्कर्क गांवाजवळ एट्रिक व यॅरो या नद्यांच्या संगमापाशीं कार्टरहॉ नांवाचें रान आहे. तेथें जाऊं नये असा मुलींस दंडक असतां जॅनेट तेथें जाते, गुलाब खुडते, आणि टॅम लिन तिच्यापुढें उभा राहतो. तो मूळचा मनुष्यच. परींच्या राणीनें धरून नेलेला. दर सात वर्षांनीं परीलोकांस नरकाची खंडणी भरावी लागते, आणि या खेपेस बळी आपलाच जाणार अशी त्यास भीति आहे. उपाय एकच. ऑक्टोबरच्या शेवटच्या रात्रीं स्वारी निघेल, तेव्हां जॅनेटनें त्यास पांढऱ्या घोड्यावरून खालीं ओढावें आणि कांहींहि झालें तरी सोडूं नये. ती ओढते. तिच्या मिठींत तो साप होतो, अस्वल होतो, सिंह होतो, तापलेलें लोखंड होतो. शेवटीं तो निखारा होतो. तो ती विहिरींत टाकते, आणि पाण्यांतून माणूस वर येतो. राणी चडफडत म्हणते, हें आधीं कळतें तर याचे डोळे काढून लांकडाचे बसविले असते.

या कथेंत काळोख पुष्कळ आहे. परंतु मुलींस ओढून नेतो तो काळोख नव्हे, असें आमचें मत आहे. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीनें कोणता विषय घ्यावा, काय ल्यावें, किती वाजतां परतावें, हें सारें दुसरे ठरवितात. परीलोकांत भीति आहे, पण तेथें तिच्या शब्दास वजन आहे. तेथील नियम कडक असले तरी दिला शब्द मोडतां येत नाहीं. होली ब्लॅक या लेखिकेच्या २०१८ च्या "द क्रूएल प्रिन्स" मध्यें तर परीलोकांस खोटें बोलतांच येत नाहीं. घरीं मात्र "परीक्षा झाल्यावर पाहूं" हें वचन किती वेळां पाळलें जातें, हें पालकांनींच मनाशीं तपासावें. अटीवर उभें असलेलें प्रेम आपणांसहि परकें नाहीं, शंतनूनें एकदां "कां?" म्हणून विचारिलें आणि गंगा निघून गेली.

दोष आहे तो निराळा. मादाम द बोमाँ यांच्या १७५६ च्या "सुंदरी आणि पशु" या कथेंत पशु कुरूप आहे, पण रोज रात्रीं तो सुंदरीस लग्नाविषयीं विचारतो आणि तिचा नकार मुकाट्यानें ऐकून घेतो. हल्लींच्या पुष्कळ कादंबऱ्यांत नायक सुरूप असतो आणि नकार मात्र त्यास ऐकूं येत नाहीं. त्याचा दुष्टपणा हीच त्याच्या प्रेमाची खूण मानावी, असें जेथें सुचविलें जातें, तेथें आम्हांस चीड येते. तेथें जॅनेटची मिठी गेली आणि सापाचे दंश तेवढे उरले.

तथापि सर्व लेखिकांस एका दोरींत बांधणें अन्यायाचें होईल. सारा मास यांच्या २०१५ सालीं निघालेल्या कादंबरींत नायकाचें नांवच टॅमलिन आहे. प्रथम तो नायिकेचा रक्षक. पण २०१६ च्या दुसऱ्या भागांत तोच रक्षणाच्या नांवाखालीं तिला वाड्यांत कोंडतो, आणि ती त्यास सोडून जाते. कोणास धरून ठेवावें आणि कोणास सोडावें, हा प्रश्न तेथें उघडपणें मांडिला आहे. मात्र ती मालिका शाळेंतील मुलींसाठीं नव्हे. प्रकाशकांनींहि २०२० सालीं नवीं वेष्टनें घालून ती प्रौढांच्या कपाटांत हलविली.

त्या गृहस्थांस आम्हीं पुस्तक परत दिलें, पण मुलीस देण्यापूर्वीं स्वतः शेवटपर्यंत वाचावें अशी विनंति केली. महिन्याभरानें ते भेटले. मुलगी म्हणते, राजपुत्रास इतक्या लवकर क्षमा करावयास नको होती. त्यांच्या मतें ती मुळींच करावयास नको होती. जेवणाच्या पाटावर हा वाद अद्याप चालूं आहे.