शाळा बदलण्याआधी अभ्यास बदलून पाहा

पेण किंवा रोह्यातल्या एखाद्या घरात मूल चौथीत जाते, वर्गात सगळ्यांच्या आधी गणिते सोडवून मोकळे होते, आणि घरात एक प्रश्न सुरू होतो. याला इथल्याच शाळेत ठेवायचे, की ‘पुढे’ धाडायचे? ‘पुढे’ म्हणजे बहुधा माणगाव तालुक्यातील निजामपूरचे जवाहर नवोदय विद्यालय. ऐपत असेल तर पनवेल किंवा पुण्याची एखादी शाळा. आजोबा म्हणतात, पोर अजून लहान आहे. शेजारी म्हणतात, संधी पुन्हा येत नाही. आई दोन्हीकडे मान डोलावते आणि रात्री जागी राहते.

नवोदयची परीक्षा पाचवीत असताना द्यायची असते. दोन तास, 80 प्रश्न, 100 गुण. पंधरा तालुक्यांच्या रायगड जिल्ह्यातून सहावीसाठी जास्तीत जास्त 80 मुले घेतली जातात आणि ही परीक्षा एकदाच देता येते. त्यामुळे निर्णय घाईत होतो. ‘निवड झाली की पाठवायचे’ एवढाच त्याचा अर्थ उरतो.

माझे मत थोडे वेगळे आहे. दहाव्या वर्षी मुलाची शाळा बदलण्याआधी त्याचा अभ्यास बदलून पाहावा. हुशार मुलांसाठी वेगळे केंद्र हवेच. पण ते तालुक्याच्या गावात, आठवड्यातून एकदा भरणारे आणि मूल रात्री आपल्या घरी झोपेल असे असावे.

हुशार मुलांना काही त्रास होत नाही, असे समजणे चूक आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लीटा हॉलिंगवर्थ यांनी शंभर वर्षांपूर्वीच दाखवून दिले होते, की असाधारण बुद्धीच्या मुलाचा साध्या वर्गातला बराचसा वेळ वाया जातो. जे आधीच येते तेच रोज ऐकणारे मूल एक तर खोड्या काढते, नाही तर खिडकीबाहेर बघत बसते. पुढे कधी तरी खरोखर अवघड गणित समोर आले, की ते गांगरते. अडून बसण्याची, चुकण्याची सवयच त्याला झालेली नसते. पालकांची काळजी म्हणून खोटी नाही.

पण या मुलांची वाढ सरळ रेषेत होत नसते. गणितात आठवीच्या मुलासारखे वागणारे दहा वर्षांचे मूल अंधाराला दहा वर्षांच्या मुलाइतकेच घाबरते. घरापासून दूर गेल्यावर लागणारी घरची ओढ बुद्धीने कमी होत नाही. ती अनेकदा शरीरातून बोलते. पोट दुखते, झोप लागत नाही, भूक मंदावते, क्वचित अंथरूण ओले होते. बहुतेक मुले काही आठवड्यांत रुळतात. काही रुळत नाहीत, आणि ‘निवड झालेले मूल’ असल्यामुळे तसे सांगतही नाहीत. 2013 ते 2017 या पाच वर्षांत देशभरातील नवोदय विद्यालयांमध्ये 49 मुलांच्या आत्महत्या झाल्याचे उघड झाले, तेव्हा राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने त्याची दखल घेतली होती. लाखो मुलांच्या तुलनेत हा आकडा लहान दिसेल. पण निवासी शाळेत शिक्षकांइतकाच समुपदेशकही लागतो, हे त्यातून शिकायला हवे.

दुसरा परिणाम मनातल्या तुलनेचा. हर्बर्ट मार्श आणि जॉन पार्कर यांनी 1984 मध्ये ‘लहान तळ्यातला मोठा मासा’ ही कल्पना मांडली. गावच्या शाळेत पहिले येणारे मूल निवडक मुलांच्या वर्गात गेले, की त्याची बुद्धी तेवढीच राहते, पण स्वतःबद्दलचे मत मात्र खाली येते. काहींना ही स्पर्धा मानवते. काहींचा ‘मला जमते’ हा विश्वासच ढळतो.

निवडक शाळेत गेल्याने निदान गुण तरी वाढतात का? जोशुआ अँग्रिस्ट, पराग पाठक आणि सहकाऱ्यांनी बोस्टन आणि न्यूयॉर्कच्या नावाजलेल्या परीक्षा-शाळांचा अभ्यास करून 2014 मध्ये तो प्रसिद्ध केला. एखाद-दोन गुणांनी प्रवेश मिळालेली मुले आणि तेवढ्यानेच हुकलेली मुले यांची त्यांनी तुलना केली. पुढच्या परीक्षांतल्या गुणांत फारसा फरक आढळला नाही. अर्थात बोस्टनमध्ये प्रवेश हुकलेले मूल दोन शिक्षकांच्या वाडीवरच्या शाळेत जात नाही. त्यामुळे तो निष्कर्ष जसाच्या तसा रायगडला लावता येणार नाही. पण ‘एका गुणाने हुकले, आयुष्य हुकले’ असे मानणाऱ्या पालकांना त्यातून थोडा धीर मिळायला हरकत नाही.

एकाच परीक्षेवर किती विसंबायचे, याचा जुना धडाही आहे. 1921 मध्ये लुइस टर्मन यांनी कॅलिफोर्नियातली दीड हजारांहून अधिक हुशार मुले चाचणी घेऊन निवडली. त्या चाचणीत न बसलेल्या दोन मुलांना, विल्यम शॉक्ली आणि लुइस अल्वारेझ यांना, पुढे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले.

मग काय उपयोगी पडते? शंभर वर्षांच्या संशोधनाचा एक मोठा आढावा 2016 मध्ये आला. त्यानुसार हुशार मुलांसाठी खास गट केल्याने फायदा होतो. पण वर्गातल्या वर्गात गट पाडल्यानेही होतो, एखाद्या विषयापुरते वरच्या इयत्तेच्या मुलांबरोबर बसवल्यानेही होतो, आणि ज्याची तयारी आहे त्याला वेगाने पुढे नेल्यानेही होतो.

हे वाचताना मला आपल्या लहान शाळा आठवतात. शिक्षण हक्क कायद्यानुसार साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात. म्हणजे दोन-तीन इयत्ता एका खोलीत. ही अडचण आहेच. पण तिसरीतली पोर पाचवीचे गणित ऐकता ऐकता सोडवते, हे अशा शाळेतल्या गुरुजींनी आणि बाईंनी अनेकदा पाहिलेले असते. तिला तेवढ्या तासाला पाचवीच्या रांगेत बसवायला ना परीक्षा लागते, ना वसतिगृह. लागते ती बाईंची नजर आणि वरून मिळालेली मोकळीक.

अभ्यास बदलायचा म्हणजे त्याच गणिताची पन्नास उदाहरणे जास्त द्यायची नव्हे. पेणच्या मुलाला विचारा: एक फुटाची भरीव मूर्ती आहे, तशीच दोन फुटांची करायची तर माती किती पट लागेल? बहुतेक जण ‘दुप्पट’ म्हणतील. उत्तर आठ पट आहे. हमरापूर-जोह्यातल्या कारखान्यात उभे राहून हे समजले, की घनफळ जन्मभर विसरत नाही. रोह्याच्या मुलीला विचारा: भर उन्हाळ्यात कोलाडला कुंडलिकेचे पाणी सकाळी का चढते? त्याचे उत्तर शोधत ती भिऱ्याच्या वीजघरापर्यंत पोहोचेल. हुशार मुलाला असे प्रश्न हवे असतात आणि त्यावर वाद घालायला आणखी चार तशीच मुले.

ती चार मुले एका वाडीत मिळत नाहीत. तालुक्यात मात्र नक्की मिळतात. म्हणूनच शनिवारचे केंद्र. ही कल्पना नवी नाही. पुण्यात आप्पा पेंडसे यांनी 1962 मध्ये ज्ञान प्रबोधिनी सुरू केली, तेव्हा ती शाळा नव्हती. वेगवेगळ्या शाळांतली बुद्धिमान मुले आपापल्या शाळेत शिकत आणि प्रबोधिनीत वेगळे काही शिकायला येत. पूर्ण वेळची प्रशाला 1969 मध्ये आली. त्यातले पहिले पाऊल आपण पेण आणि रोह्यात का टाकू नये? राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्येही विशेष कल असलेल्या मुलांना पूरक साहित्य द्यावे, शाळा, शाळा संकुल आणि जिल्हा पातळीवर विषयवार मंडळे चालवावीत, असे म्हटले आहे. आपल्याकडे केंद्रशाळा आहेत, केंद्रप्रमुख आहेत. पेणला भाऊसाहेब नेने महाविद्यालय आहे. रोह्याजवळ धाटावच्या औद्योगिक वसाहतीत रसायनशास्त्र जाणणारी माणसे आहेत. पंचायत समितीने महिन्यातले दोन शनिवार, एक खोली आणि वाडीवरच्या मुलांचे एसटीचे भाडे एवढे दिले, तरी सुरुवात होईल. प्रवेशासाठी मात्र एकच परीक्षा नको. शिक्षकांची शिफारस, मुलाची आवड आणि दर वर्षी नव्याने उघडे राहणारे दार, हे निकष असावेत.

या परिसराचा इतिहासही कुठल्याच एका वाटेच्या बाजूने कौल देत नाही. पेण तालुक्यातल्या गागोदे गावी जन्मलेल्या विनोबांनी 1916 मध्ये आपली प्रमाणपत्रे जाळून टाकली. रोह्यात बालपण गेलेले चिंतामणराव देशमुख 1912 च्या मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिले आले. रोह्याच्याच पांडुरंगशास्त्री आठवले यांच्यासाठी आजोबांनी स्वतंत्र शिक्षणाची व्यवस्था केली. तिघांच्या वाटा तीन.

नवोदयला विरोध म्हणून हे लिहिलेले नाही. तिथल्या किमान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी आहेत, एक तृतीयांश मुलींसाठी. राहणे, जेवण आणि पुस्तके मोफत. ज्या कातकरी किंवा ठाकूर वाडीत पाचवीनंतर शाळाच नाही, तिथल्या मुलीसाठी निजामपूर हा मोठा आधार आहे. तिच्यापुढचा पर्याय जवळची चांगली शाळा हा नसून शिक्षण सुटणे हा असू शकतो. तिला जरूर पाठवावे. मात्र ज्यांच्यासमोर खरोखर दोन पर्याय आहेत, त्यांनी आधी तीन गोष्टी तपासाव्यात. मुलाला स्वतःला जायचे आहे का, की आपल्याला त्याला पाठवायचे आहे? मामा-मावशीकडे आठ-दहा दिवस ते आईवडिलांशिवाय सुखाने राहिले आहे का? आणि इथल्या बाईंशी बसून काही वेगळे करून पाहिले आहे का? तिन्हींचे उत्तर ‘हो’ असेल, तर खुशाल पाठवा. पाठवताना एवढे मात्र सांगा, की नाही जमले तर परत येण्यात कमीपणा नाही.

उत्तर ‘नाही’ असेल, तर मूल इथेच राहू द्या. मात्र त्याला कंटाळत बसू देऊ नका. हुशार पोरे निघून गेली, की वाडीवरच्या वर्गातले प्रश्न विचारणारेही निघून जातात. ते इथे राहिले, तर बाकीच्या मुलांच्याही कानावर चांगले प्रश्न पडतील.