पैशाचं गाव, हप्त्याची मी

"तळेगाव? म्हणजे लोणावळ्याला जाताना लागतं ते?" नवा पत्ता सांगितला की पुण्यातल्या मित्रमंडळींचा हा ठरलेला प्रश्न. पुढचा त्याहून भारी : "वीकेंड होम घेतलंस होय!" नाही रे बाबांनो. सोमवार ते रविवार राहायचं घर आहे. कोथरूडला भाड्यात जेवढे जायचे, तेवढ्यात इथे हप्ता बसतो, इतकं साधं गणित. मानधनाची तारीख नक्की नसलेल्या फ्रीलान्सरला वीस वर्षांचं कर्ज मागताना काय काय ऐकावं लागतं, ते पुन्हा कधीतरी.

आई मात्र धास्तावलेली. "इतक्या लांब, एकटी?" मी तिला तळेगावच्या उमाबाई दाभाडे सांगून पाहिल्या. १७३१ मध्ये डभोईच्या लढाईत त्यांचा मुलगा त्रिंबकराव पडला, तोही आपल्याच बाजीरावाशी लढताना. त्यानंतर धाकट्या मुलाच्या नावानं सेनापतीपदाचा कारभार बाईंनीच पाहिला. आई म्हणाली, "त्यांना शेवटची लोकल पकडायची नव्हती." पॉइंट होता. ही पुणे-लोणावळा लोकल १९७८ पासूनची. ती चुकली की मावळ अचानक फार लांब वाटायला लागतो.

मला मात्र ह्या गावाच्या प्रेमात पाडलं ते काचेनं. अंताजी दामोदर काळे यांनी स्वदेशी उद्योगासाठी लोकांकडे एकेक पैसा मागितला, टिळकांनी पाठबळ दिलं आणि त्या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगावात काच कारखाना उभा राहिला. एक पैसा! ना व्याज, ना परतावा. इथे काच शिकलेली माणसं पुढे देशातल्या इतर कारखान्यांत गेली. माझ्या कर्जाचे कागद चाळताना हे आठवलं की जरा हसूच येतं.

नंतर मोठा पैसाही आला, आणि गेलाही. जनरल मोटर्सचा प्रकल्प २००८ मध्ये सुरू झाला, २०२० च्या डिसेंबरात तिथल्या गाड्या बंद पडल्या. पुढे तो ह्युंदाईनं घेतला खरा, पण मधली वर्षं? बँकेला त्याच्याशी काही देणंघेणं नसतं. पाच तारीख म्हणजे पाच तारीख. माझीही तीच आहे, म्हणून म्हटलं.

परवा आई पहिल्यांदा आली. लोकलनं, एकटीच. डब्यात पुरणपोळ्या, चेहऱ्यावर नापसंती. संध्याकाळी तळ्याकडे चक्कर मारून आली, चपला काढता काढता म्हणाली, "काय गं, इथे वन बीएचके साधारण कितीला पडतो?"