स्लो झाला म्हणे!

बेहेमोथच्या 'द सेटनिस्ट'वरची (२०१४) लोकांची मतं ऐकली की डोकं फिरतं राव. एक कंपू म्हणतो बँड विकला गेला, 'इव्हँजेलियन'चा (२००९) वेग कुठाय? अहो, वेग आहेच, गर्दी कमी झालीये. आधी सगळी वाद्यं एकमेकांच्या अंगावर चढायची, इथे बास चक्क वेगळा ऐकू येतो! 'इन द ॲबसेन्स ओव्ह लाइट'मध्ये तर सगळा धुरळा थांबतो आणि मधेच पोलिश नाटककार गोंब्रोविचचं स्वगत येतं. हे विकलं जाणं असेल तर गिऱ्हाईक कोण, ते तरी सांगा.

दुसरा कंपू जास्त डोक्यात जातो. नेर्गलला २०१० साली ल्युकेमिया झाला, बोन मॅरो ट्रान्सप्लांट करावा लागला, त्यातून उठून त्याने हे केलं, म्हणून पाचपैकी पाच! अरे, आजाराला सहानुभूती द्या ना, मार्क कशाला? मार्क द्यायचेत तर शेवटच्या 'ओ फादर ओ सेटन ओ सन!'ला द्या, सात मिनिटं कसं संथपणे चढत जातं ते. आणि कापायचेत तर 'बेन साहर'चे कापा, मला ते रेंगाळल्यासारखं वाटतं. पण त्याबद्दल कुणी भांडतच नाही. भांडायला आधी तिथपर्यंत ऐकावं लागतं ना!